निरोपातली आई

मनवा चार वर्षांची असताना तिच्या आईच्या मेंदूत गाठ निघाली.

आईचं नाव ऋजुता मगदूम. मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांचे नंबर तपासता तपासता तिला स्वतःलाच डावीकडचं दिसेनासं झालं, म्हणून तिनं तपासणी करून घेतली. गाठ खोल होती, सुरी पोचणार नाही अशा जागी. डॉक्टर बागवान बाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "दिवाळी बघशील," त्या म्हणाल्या. "त्यापुढचं मी बोलत नाही."

ऋजुता घरी आली. तिनं मनवाला न्हाऊ घातलं आणि केस पुसता पुसता बेडकाचं गाणं म्हटलं. गाणं तिनंच रचलेलं होतं, आणि दर वेळी त्यातला बेडूक नव्या गावाला जायचा. त्या दिवशी तो कवठेमहांकाळला गेला. मनवा हसून हसून गादीवर लोळली. मग ऋजुता बाथरूममध्ये गेली, नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "निनाद, मी तिला आठवणारसुद्धा नाही. चार वर्षांच्या मुलांना पुढं काही आठवत नाही."

निनाद पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. ‘पुढचा निरोप’ त्यानंच शोधून काढला.

तशी ही सोय जुनीच होती. वाढदिवस विसरायला नकोत म्हणून लोक वर्षभराच्या शुभेच्छा एकदाच लिहून तारखा लावून ठेवायचे. ज्याच्या त्याच्या दिवशी त्या आपोआप जायच्या. पण ‘पुढचा निरोप’वाल्यांनी त्यात मोठीच मजल मारली होती. त्यांचं यंत्र माणसाला महिनाभर बोलतं ठेवायचं. शब्द तर ते टिपायचंच, शिवाय श्वास कुठं अडकतो, कुठल्या आठवणीवर आवाज ओला होतो, वाक्य संपायच्या आधीच हसू कधी फुटतं, हेही शिकायचं. यातून त्या माणसाचा स्वरठसा तयार व्हायचा. पुढं ज्याला निरोप मिळायचा, त्यानं आपलं वर्ष कसं गेलं ते यंत्राला सांगायचं. यंत्र त्यावरून, निरोप ठेवणारं माणूस आज असतं तर काय बोललं असतं ते जुळवायचं आणि त्याच चेहऱ्यानं, त्याच आवाजात बोलायचं. त्या माणसानं ते शब्द कधीच उच्चारलेले नसायचे. पण उच्चारले असते तर हेच, असं घरच्यांना वाटायचं.

एक नियम मात्र कडक होता. माणूस गेल्यावर नातेवाईक भांडतात. कुणाला निरोप बंद करायचे असतात, कुणाला त्यातलं बोलणं बदलायचं असतं. म्हणून एकदा पाठवणाऱ्याची मोहोर लागली की निरोप ज्या मुलासाठी ठेवले त्याचेच. बाप, आजोबा, सावत्र आई, कुणालाही त्यात हात घालता येणार नाही. थांबवले तर ज्यानं पाठवले त्यानंच, तेही आपल्या स्वरठशानं ओळख पटवून.

"मी तर नसणारच," ऋजुता म्हणाली, आणि तिनं मोहोर लावली.

दुकानाच्या आतल्या खोलीत पिवळा कुडता घालून ती दुपारभर बोलत बसायची. यंत्रानं विचारलं, मुलीवर रागावता तेव्हा काय म्हणता? ती म्हणाली, "ढब्बू म्हणते. ढब्बू, आता मार खाशील. पण म्हणता म्हणता मलाच हसू येतं, मग कसला मार." प्रत्येक वाढदिवस आणि प्रत्येक दिवाळीची पहिली आंघोळ, मनवाला पंचवीस पूर्ण होईपर्यंत, असं तिनं ठरवून घेतलं.

दिवाळीच्या आधी बागवान बाईंचा फोन आला. पुण्यात एक नवा उपचार माणसांवर करून बघत होते. एक विषाणू असा घडवला होता की तो फक्त गाठीची खूण असलेल्या पेशींतच शिरायचा आणि त्यांना आतून फोडायचा. "जगशीलच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण इथं नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं."

ऋजुता गेली, आणि जगली. गाठ अशी विरघळली की मेंदूच्या चित्रात शोधूनही सापडेना. निनादनं गल्लीभर पेढे वाटले. मनवाला घेऊन तो पुण्याला गेला तेव्हा पोर दारातूनच धावत सुटली आणि पलंगावर चढून आईच्या गळ्यात पडली.

ऋजुतानं तिच्याकडे बघितलं. ही आपली मुलगी, हे तिला कळत होतं. तिचा वास ओळखीचा होता. पण पूर्वी त्या वासासरशी आत जे हलायचं, ते हललं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती म्हणाली, "हात धुतलेस का?"

पुढं काही आठवड्यांनी बागवान बाईंनी दोघांना समजावून सांगितलं. मेंदूत काही तंतू असे असतात की शरीराला जे वाटतं ते त्यांच्यावाटे मनाला कळतं. छाती भरून येणं, पोटात तुटणं, गळा दाटणं, हे सगळं त्या वाटेनं जातं. गाठीनं त्या तंतूंना विळखा घातला होता, आणि तिची खूण त्यांच्यावरही उमटली होती. विषाणूनं दोन्ही खाल्लं.

"म्हणजे हिला आता काही वाटणारच नाही?" निनादनं विचारलं.

"आठवेल सगळं. कळेल सगळं. बरंवाईट, योग्य-अयोग्य, सगळं," बाई म्हणाल्या. "वाटण्याचं मात्र मी सांगू शकत नाही. आवाजातून आणि चेहऱ्यावरूनही ते जाणार."

"परत येईल?"

"ते तंतू पुन्हा उगवत नाहीत."

ऋजुता शांतपणे ऐकत होती. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "वाटत नसलं तरी करता येतं. आईनं काय काय करायचं असतं ते मला माहीत आहे. मी ते करीन."

तिनं खरंच केलं. मनवाचा डबा कधी चुकला नाही. नखं, दात, लसी, शाळेच्या सभा, पोहण्याचा क्लास, कशात म्हणून खोट नव्हती. ती कधी रागावली नाही आणि तिनं कधी हातही उगारला नाही. सुरुवातीला मनवा तिला बेडकाचं गाणं म्हणायला सांगायची. ऋजुता म्हणायची. शब्द सगळे बरोबर यायचे. काही दिवसांनी मनवानं सांगणं सोडलं.

मार्चमध्ये मनवाचा पाचवा वाढदिवस आला. त्या सगळ्या धावपळीत निरोपांची आठवण कुणालाच राहिली नव्हती. सकाळी ऋजुता तिला औक्षण करायला तबक घेऊन उभी होती, आणि हॉलमधला भिंतीवरचा पडदा आपोआप उजळला. पिवळ्या कुडत्यातली ऋजुता त्यात बसली होती.

"ए ढब्बू, पाच वर्षांची झालीस?" ती म्हणाली, आणि पुढचं बोलण्याआधीच तिला हसू फुटलं. "इकडं ये, जवळ ये, मला बघू दे. नाक तेवढंच आहे की वाढलं?" मग तिनं बेडकाचं गाणं म्हटलं. बेडूक जतला गेला. मध्येच तिचा आवाज कापला, तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि पुन्हा हसली. "मी आहे हं. कुठं जात नाही."

पडदा विझला. मनवा जागची हलली नव्हती. ती हळूच वळली आणि तबक धरून उभ्या असलेल्या आईकडे बघून तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, ती आई कुठं राहते?"

ऋजुता म्हणाली, "ती मीच आहे. मी आजारी असताना बोलून ठेवलं होतं."

मनवानं तिला नीट न्याहाळलं. पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

त्या दुपारी ऋजुतानं हे थांबवू या असं सुचवलं. निनाद म्हणाला, "राहू दे की. तूच आहेस ती. तिला तेवढं तरी मिळू दे." थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर तो एकटाच पडद्यासमोर बसला होता. निरोप पुन्हा लावला होता, आवाज अगदी बारीक. तिला बघून त्यानं तो बंद केला.

"लाजण्यासारखं काय आहे त्यात," ती म्हणाली.

"मला तिची फार आठवण येते, ऋजू."

"कळतंय मला," ती म्हणाली. कळत खरंच होतं.

वर्षं गेली. मनवा वर्षातल्या दोन दिवसांकडे डोळे लावून जगायला शिकली. एक मार्चमधला, एक दिवाळीचा. मधल्या काळात शाळेतल्या गमती, मैत्रिणींची भांडणं, परीक्षा, सगळं ती आपल्या खोलीत बसून यंत्राला सांगायची. म्हणजे निरोपातल्या आईला ते माहीत असायचं.

ऋजुतानं एक प्रयत्न केला. गिऱ्हाईक नसताना ती दुकानातल्या आरशांपुढं उभी राहायची आणि निरोपातल्या बाईसारखं हसायला शिकायची. डोळ्यांच्या कडा कशा आवळायच्या, मान कुठं कलवायची, ढब्बू म्हणताना कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा. जमलंय असं वाटल्यावर एकदा मनवा शाळेतून आली तेव्हा तिनं तसं केलं. मनवा नऊ वर्षांची होती. ती दारातच थबकली.

"आई, असं नको करूस," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

ऋजुतानं चेहरा पूर्ववत केला आणि तिला खायला दिलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मनवाला विषमज्वर झाला. तो उतरेपर्यंत ऋजुता दुकानात गेली नाही. ती उशाशी बसून पट्ट्या बदलत होती, भाताची पेज चमच्यानं पाजत होती, चादरी धूत होती. निनाद म्हणायचा थोडी पड, तर ती म्हणायची, मला दमल्यासारखं वाटत नाही. ते खोटं होतं. दमणं तिला कळायचं. मार्चमधला निरोप आला तेव्हा मनवा नुकती हिंडूफिरू लागली होती.

"आजारी होतीस म्हणे माझी राणी," निरोपातली आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "मी तिथं असते ना, तर तुला मांडीवरून खाली ठेवलं नसतं. एक क्षण ठेवलं नसतं."

मनवा हुंदके देऊन रडायला लागली. ऋजुता मागं खुर्चीवर बसली होती. औषधाची वेळ झाली होती, म्हणून ती उठली, पाणी आणि गोळी घेऊन आली आणि मनवाचं रडणं थांबेपर्यंत शेजारी उभी राहिली.

मनवा तेराव्या वर्षात होती त्या दिवाळीला मात्र वेगळं घडलं. उटणं लावून आंघोळ झाली, तिघं हॉलमध्ये आले, पडदा उजळला. निरोपातली आई हळू म्हणाली, "मोठी झालीस गं. घाबरलीस का? पोटात दुखतं का अजून? वेडाबाई, जूनपासून एकटीनंच निभावलंस?"

निनाद चटकन उठून बाहेर गेला. ऋजुतानं मनवाकडे बघितलं. मनवानं मान खाली घातली होती. जूनमध्येच तिला पाळी आली होती. तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. जुन्या ओढण्या फाडून, लपवून, पोटदुखी सोसून ती दिवाळीची वाट बघत राहिली होती. मधून तिला चक्करही यायची. बागवान बाईंनी रक्त तपासलं तेव्हा ते फार कमी भरलं.

"मला का नाही सांगितलंस?" ऋजुतानं विचारलं.

"तू सगळं आणून दिलं असतंस," मनवा म्हणाली. "समजावूनही सांगितलं असतंस. नीट."

"मग?"

"मग काय. झालं असतं."

दुसऱ्या दिवशी दुकानातून ऋजुतानं ‘पुढचा निरोप’ला फोन लावला. लेकीला आपण आवडत नाही, याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण मुलगी रक्त कमी होईतो गप्प राहते, हे धोक्याचं आहे, इतकं तिला स्पष्ट दिसत होतं. पलीकडच्या तरुणानं सगळं अदबीनं ऐकून घेतलं.

"ताई, ओळख पटवावी लागेल. आम्ही सांगतो ती चार वाक्यं बोला."

ती बोलली. त्यानं थोडं थांबायला सांगितलं.

"परत एकदा बोलता का? लेकीबद्दल आहेत ती वाक्यं. मनापासून बोला."

ती पुन्हा बोलली.

"ताई, जुळत नाहीये," तो म्हणाला. "आवाजाची पट्टी तीच आहे. पण यंत्र म्हणतंय, पाठवणारी व्यक्ती या नाहीत."

"माझं आधारकार्ड आहे. नवरा आहे. ज्यांनी मला बरं केलं ते डॉक्टर आहेत."

"आमच्याकडं फक्त ठसाच चालतो. कागदपत्रं कुणीही आणतं, म्हणून तर तो नियम केला." त्याचा आवाज जरा खाली आला. "आणि एक सांगायला हवं. असा प्रयत्न कुणी केला, तर मुलाला कळवावंच लागतं. तेही नियमात आहे."

संध्याकाळी मनवा घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली. ऋजुता भाकऱ्या थापत होती.

"तू तिला बंद करायला निघाली होतीस."

"हो."

"का?"

"तू आजारी पडलीस. सांगण्यासारखं असतं तेव्हा तू सांगत नाहीस, तारखेची वाट बघत बसतेस. ते बरोबर नाही."

"ती माझी आई आहे."

"ती मीच आहे, मनवा."

"मग तुला का ओळखलं नाही तिनं?" मनवाचा आवाज चिरकला. "एवढंसं बोलायचं होतं. लेकीबद्दल. चार वाक्यं. तेवढंसुद्धा तुला आलं नाही."

तव्यावरची भाकरी करपत होती. ऋजुतानं ती उलटली. या क्षणी लेकीला जवळ घ्यायला हवं, हे तिला माहीत होतं. हात पिठाचे होते, ते धुवायला ती वळली. धुऊन वळेपर्यंत मनवा निघून गेली होती.

त्यानंतर घरात भांडण असं कधी झालं नाही. मनवा आईशी नीट वागायची, एखाद्या घरमालकिणीशी वागावं तशी. बारावी झाल्यावर तिनं रसायनशास्त्र शिकायला म्हैसूर निवडलं. जाताना निनाद रडला. ऋजुतानं बॅगेत गोळ्या-औषधं, सुईदोरा आणि चादरी भरून दिल्या. अठरा पूर्ण झाल्यावर निरोपांची एक नवी सोय खुली व्हायची. त्यापुढं मुलाला तारखेची वाट बघायला नको. हवं तेव्हा बोलावं, उत्तर मिळेल. निनादला हे ठाऊक होतं. त्यानं ते ऋजुताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे निदान दुखलंखुपलं तरी वेळेवर सांगेल ती कुणाला तरी."

एकोणिसाव्या वाढदिवसाला ऋजुता म्हैसूरला गेली. निनादला परीक्षांमुळं जमलं नाही. तिनं कळवलं होतं, आणि मनवानं येऊ नको असं म्हटलं नव्हतं. वसतिगृहाची खोली स्वच्छ होती. मनवानं चहा केला, डब्यातल्या करंज्या ताटलीत काढल्या. मग घड्याळाकडं बघून म्हणाली, "आई, जरा बाहेर बसशील? वाढदिवसाचा निरोप अजून वेगळा येतो. तेवढा झाला की आपण जेवायला जाऊ."

ऋजुता व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दार पातळ होतं. आतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शब्द नाही, नुसता आवाज, आणि त्यावर लेकीचं हसणं. मनवा इतकी मोकळी, पोट धरून हसू शकते, हे तिनं मिरजेच्या घरात चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

जेवताना ती म्हणाली, "पंचविसाव्यानंतर निरोप नाहीत. मी तेवढेच ठरवले होते. तुला आधीच सांगून ठेवते, एकदम धक्का बसायला नको."

"मी वाढवून घेतले," मनवा म्हणाली.

"किती?"

"मी असेपर्यंत."

ऋजुतानं मान डोलावली. आपण गेल्यावर हिच्या आयुष्यात काय बदलेल, याचा तिनं विचार केला. फारसं काही सापडलं नाही.

स्टेशनवर गाडी लागली होती. ऋजुता खिडकीशी बसली, मनवा बाहेर फलाटावर उभी राहिली. मनवा गजांना धरून म्हणाली, "आई, एक सांगू? रागावणार नाहीस, माहीत आहे मला."

"सांग."

"तू तेव्हा गेली असतीस ना, तर मला रडता तरी आलं असतं. लोकांनी मला जवळ घेतलं असतं. बाबांनीही." ती खाली बघत होती. "तू सगळं केलंस माझं. कुणापाशी मी काय म्हणून रडू?"

ऋजुतानं खिडकीतून हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. मनवानं तो राहू दिला. हात कोरडा होता, आणि नुसता ठेवलेला होता. दोघींनाही ते कळत होतं. गाडी हलली तशी मनवा बाजूला झाली.

"पोचल्यावर कळव," ती म्हणाली.

"कळवते. लोहाच्या गोळ्या घेत जा."

फलाट मागं सरकू लागला. ऋजुतानं वळून बघितलं. मनवा जिन्याकडे निघाली होती. तिनं कानात इयरफोनची बोंडं घातली, काहीतरी म्हणाली, आणि ऐकत ऐकत थांबली. मग गर्दीत उभ्या उभ्याच तिनं तळहातानं डोळे पुसले आणि लहान मुलीसारखी मान हलवून ती कुणाला तरी हो, हो म्हणत राहिली.